दोन बोटं

"चहाघरात, 'यम चा'ला भेटणं म्हणजे भेटणं नव्हे, पोरी," आत्या म्हणाली होती. "टेबलाच्या वर दिसतो तेवढाच माणूस नसतो. एकदा त्याच्या घरी जाऊन ये."

माझ्या मुलीचा, चिंगचा, महिना भरला म्हणून जेवण होतं. लाल रंगवलेली अंडी सोलता सोलता आत्या हे बोलली. मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, "आत्या, दर रविवारी भेटतो आम्ही. अख्ख्या हाँगकाँगात बापाला दर रविवारी भेटणाऱ्या लेकी किती असतील, तूच सांग."

आत्यानं अंड्याचं कवच बशीच्या कडेला ठेवलं. "बरं," म्हणाली.

मला तिचं बोलणं खुळचट वाटलं होतं, कारण आमच्यात कुणी कुणाच्या घरी जातच नाही. घर म्हणजे झोपायची जागा. दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं जिन्यात थांबायचं. बाबा रात्रपाळीची टॅक्सी चालवायचे आणि गाडी सकाळच्या चालकाच्या ताब्यात देऊन तडक चहाघरात यायचे. आई मला शाळेच्या गणवेशात तिथं घेऊन जायची. माझा बाप मी पाहिला तो असा, बांबूच्या टोपल्यांच्या वाफेपलीकडे, डोळे तांबारलेले, हातात कप. माझ्या प्रगतिपुस्तकावर सही तिथं झाली. आईबाबांची भांडणं तिथं मिटली. माझा नवरा हो-यिन लग्नाआधी बाबांना दाखवला तो तिथंच, आणि आई गेल्यावर पुढचं काय ते ठरवायला आम्ही बसलो तेही त्याच टेबलाला. मग घरी जाऊन वेगळं काय दिसणार होतं?

शिवाय मी काही बेफिकीर बाई नाही. उलट हो-यिन मला पहारेकरी म्हणतो. चिंग झाल्यापासून तर माझे डोळे मिटतच नाहीत. तिचा श्वास, तिची नखं, दुधाची बाटली, खिडकीची कडी. रस्त्यात कुणी खोकलं तरी मी बाबागाडीचं छत खाली ओढते. एवढं लक्ष असणाऱ्या बाईच्या नजरेतून काही सुटेल असं मला खरंच वाटत नव्हतं.

इंग्लंडला जायचं ठरलं तेव्हा बाबांना सांगितलं तेही चहाघरातच. हो-यिनला मँचेस्टरजवळ नोकरी मिळाली होती. आमच्या ओळखीतली निम्मी माणसं तोवर परदेशी गेली होती, उरलेली निम्मी जाण्याविषयी बोलत होती. बाबा म्हणाले, "चांगलं आहे. पोरीला मोकळी हवा मिळेल." मग किटलीचं झाकण तिरकं करून ठेवलं, म्हणजे कुणीतरी येऊन गरम पाणी भरावं, आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाशी फुटबॉलविषयी बोलायला लागले. त्यानंतरच्या रविवारी ते गप्प गप्प होते. त्याच्या पुढच्याही. मी मनात धरून बसले की म्हाताऱ्याला राग आलाय. माझा बाप रुसला की तोंडानं बोलत नाही, वागण्यातून दाखवतो.

निघण्याआधीचा शेवटचा रविवार. चहाघराचा वरच्या मजल्यावरचा दिवाणखाना नेहमीसारखा गजबजलेला. लोक बसलेल्यांच्या खुर्चीमागे उभे राहून त्यांचा शेवटचा घास कधी संपतोय ते बघत होते. बाबा लवकर येऊन खांबाजवळची जागा धरून बसले होते. रविवारी अख्खं टेबल एकट्याला कुणालाच मिळत नाही, परक्यांबरोबर वाटून घ्यावं लागतं. आमच्या टेबलाला पाउ मावशी असायची. बाबांच्याच वयाची विधवा बाई, घोड्यांच्या शर्यतीचं पान पसरून बसलेली. वर्षानुवर्षं आम्ही तिच्याबरोबर एका टेबलाला खाल्लं, पण मला तिचं आडनाव तेवढं ठाऊक. ती कुठं राहते, मुलंबाळं आहेत का, काही माहीत नाही. वाटून घेतलेल्या टेबलाचा तोच रिवाज आहे.

"आले बघा इंग्रज," मावशीनं पानावरून नजर न काढता म्हटलं. "मोक, तुझी लेक आली."

"मावशी, अजून इथंच आहोत," हो-यिन म्हणाला.

"तिकडे चहात दूध ओततात म्हणे. आणि तोंडी लावायला काय, तर बिस्कीट! एवढ्यासाठी विमानात बसायचं?"

"म्हणून तर आज पोटभर खाऊन घेतोय."

"खा बाबा, खा. कोंबडीचे पाय फेकून देतात ते लोक. माझ्या भाचीनं डोळ्यांनी बघितलंय. कचऱ्यात!"

आम्ही हसलो. बाबा हसले नाहीत. हसल्यासारखं केलं, पण तोंडाची एकच बाजू हलली. मला वाटलं, कुत्सित हसताहेत.

आमच्याकडे खायला सुरुवात करण्याआधी पहिल्या कढत चहानं सगळ्यांच्या वाट्या, कप आणि चॉपस्टिक विसळायच्या असतात. आमच्या टेबलाला ते बाबांचं काम. त्यात ते कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. एका हातात किटली, दुसऱ्या हातानं वाटीत वाटी फिरवत अशी धार सोडायचे की थेंब बाहेर पडायचा नाही. त्या दिवशी त्यांनी विसळायचं भांडं कोपरानं माझ्याकडे सरकवलं.

"आज तू विसळ. तिकडे तुलाच करायचंय."

मी विसळलं. मनात म्हटलं, हं, म्हणजे आजपासून या टेबलाचे वडीलधारे आपण नाही, असं बाबांना दाखवायचंय तर.

मग खाणं आलं. हार गाऊ, त्यांच्या आवडीच्या, पातळ पारीतून कोळंबी गुलाबी दिसणाऱ्या. तांदळाच्या पिठाच्या निसरड्या गुंडाळ्या, ज्या काड्यांनी न तोडता उचलायची पैज बाबा टॅक्सीवाल्यांबरोबर मारायचे आणि जिंकायचे. त्यांनी कशालाच हात लावला नाही. एक बाओ, वाफवलेला सारणाचा पाव, डाव्या हातात घेतला आणि चावत बसले.

"बाबा, कोळंबी नको?"

"आज बाओच खावासा वाटतोय."

"थंड होईल ते."

"होऊ दे. तुम्ही खा."

त्यांचा उजवा हात मांडीवर होता, वर्तमानपत्राखाली. मी ते पाहिलं. मी सगळंच पाहिलं होतं, हेच तर म्हणतेय. हात पाहिला, बाओ पाहिला, तोंडाची बाजू पाहिली, आणि प्रत्येक गोष्टीपुढे मी एकच शब्द लिहिला: राग. चिंग माझ्या मांडीवर वाफेकडे झेपावत होती. मागून टोपल्यांची ढकलगाडी गेली की मी खुर्ची आत ओढत होते. गरम किटली मी तिच्यापासून आधी एक वीत, मग दोन वीत लांब सरकवली. माझा पहारा चालूच होता.

हो-यिननं सगळ्यांना चहा ओतला. आधी बाबांना, मग मावशीला, मग मला. कुणी चहा ओतला की कपाशेजारी दोन बोटं टेबलावर टेकवायची, टक टक, म्हणजे आभार मानले. बोलणं थांबवावं लागत नाही, तोंडात घास असला तरी चालतं. लिहायला शिकण्याआधी मी हे शिकले होते. बाबांनीच शिकवलं, एकदा विसरले तेव्हा काडीनं हातावर हलकेच मारून. मावशीनं घोड्यांवरची नजर न उचलता बोटं टेकवली. मी टेकवली. बाबांनी नाही.

हो-यिननं किटली खाली ठेवली. घरी तो मला पूर्वी म्हणाला होता, "तुझ्या बाबांना वाटतं मी तुला पळवून नेतोय." मी म्हटलं होतं, "छे!" आता त्याची नजर माझ्याकडे आली आणि गेली. कप रिकामे झाले, त्यानं परत ओतला. बाबांनी परत टेबलाला स्पर्श केला नाही. "पुरे, पुरे," एवढंच पुटपुटले, तेही जड जिभेनं. पलीकडच्या टेबलावरचं जोडपं बघत होतं. निदान मला तसं वाटलं. जावई सासऱ्याला चहा ओततो आणि सासरा बोटं टेकवत नाही, हे आमच्याकडे न बोलता थोबाडीत मारण्यासारखं असतं.

तिसऱ्यांदा ओतला तेव्हा माझ्यानं राहवलं नाही.

"बाबा," मी म्हटलं, आणि आवाज खाली ठेवायचा असं ठरवूनही तो वर गेला. "हो-यिन केव्हाचा ओततोय. दोन बोटं टेकवायला एवढं जड जातं का? आज शेवटचा दिवस आहे. आज तरी."

मावशीचं पान उलटता उलटता थांबलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग मांडीवरचं वर्तमानपत्र डाव्या हातानं बाजूला केलं, आणि डाव्या हातानं स्वतःचा उजवा हात मनगटाला धरून उचलला. बाजारातून आणलेली वस्तू पिशवीतून काढून ठेवावी तसा तो टेबलावर, कपाशेजारी ठेवला. बोटं आत वळलेली होती. त्यातली दोन त्यांनी दुसऱ्या हातानं सरळ केली, आणि वरून दाबली. एकदा. दुसऱ्यांदा.

"हो-यिन," ते म्हणाले. "चहा छान ओततोस."

दिवाणखान्यातला गलका तसाच चालू होता. ढकलगाडीवाली बाई ओरडत होती, वाट्याकाड्यांचा आवाज येत होता. हो-यिन किटली हातात धरून उभाच राहिला. पाउ मावशी समोरच्या टोपलीत वाकून बघायला लागली, जणू आत काही हरवलंय.

मला त्या क्षणी काय वाटलं ते लिहायचं आहे, म्हणूनच हे सगळं लिहायला घेतलंय. 'बाबा, तुम्हाला काय झालं?' हे पहिलं वाटलं नाही. पहिलं वाटलं: कुणी पाहिलं तर नाही ना? मी हात पुढे केला तो त्यांचा हात धरायला नव्हे. कापडी रुमाल त्यांच्या बोटांवर टाकायला.

दुसरं वाटलं: आता जाणं होणार नाही.

बाबांनी बहुधा ते दोन्ही माझ्या चेहऱ्यावर वाचलं. रात्रीच्या टॅक्सीत मागच्या सीटवरच्या माणसाचं तोंड आरशातून बघून तो पैसे देणार की पळणार हे ओळखणारा माणूस तो. ते म्हणाले, "काही नाही गं. झोपेत हात अंगाखाली आला. बधीर झालाय. उतरेल संध्याकाळपर्यंत."

"कधीपासून?" हो-यिननं विचारलं.

"आज सकाळपासून."

पाउ मावशीनं तोंड उघडलं. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं मिटलं. म्हणजे तिला माहीत होतं. ती रोज त्या टेबलाला असते. बाबाही रोजच असतात. आज सकाळपासून नाही, हे मला तिच्या मिटलेल्या ओठांवरून स्पष्ट दिसलं.

आणि मी काय म्हटलं? "हो, होतं असं कधीकधी. माझाही होतो, चिंगला घेऊन झोपले की." मग मी मान वळवली आणि ढकलगाडीवालीला हाक मारली. "ताई, अंड्याचे टार्ट आहेत का गरम?"

हो-यिन खाली बसला. टेबलाखालून त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "डॉक्टरला दाखवायला हवं," तो म्हणाला.

"दाखवतो की," बाबा म्हणाले. "उद्या."

"मी येतो बरोबर."

"तुझं सामान बांधायचं राहिलंय. मला काय लहान मुलासारखं धरून नेणार आहेस? या शहरातली सगळी इस्पितळं मला पाठ आहेत. अर्ध्या शहराला मीच पोचवलंय तिथं."

हो-यिननं माझ्याकडे पाहिलं. मी काही म्हणावं म्हणून तो थांबला होता. मी चिंगच्या तोंडाशी टार्टचा तुकडा नेला, फुंकर घालून. आधी माझ्या ओठांना लावून पाहिला, भाजत तर नाही ना.

"टार्ट खाऊन घ्या, बाबा," मी म्हटलं. "गरम आहेत."

अशा रीतीनं आम्ही सगळ्यांनी मिळून तो हात पुन्हा टेबलाखाली ठेवला.

निघताना बाबा आमच्याबरोबर लिफ्टपर्यंत आले. पाउ मावशी आपल्या जागेवरून ओरडली, "पोरी, तिकडून बिस्कीट पाठव!" आणि मग तिनं पान तोंडासमोर धरलं. लिफ्टशी गर्दी होती. बाबा पाय किंचित ओढत चालत होते, पण मी ते गर्दीच्या माथी मारलं.

"जरा घेऊ का हिला?" बाबांनी विचारलं.

चिंग माझ्या अंगाला बांधलेल्या झोळीत होती. टक्क जागी. आजोबांकडे बघून पाय मारत होती.

"झोपलीय, बाबा," मी म्हटलं.

दोन पावलांवरून ते तिच्या उघड्या डोळ्यांकडे बघत होते, आणि मी म्हटलं झोपलीय. कारण हातातून पडेल. तो हात बधीर नाही, त्यात जोर नाही, हे माझ्या अंगाला पुरतं कळलेलं होतं. त्यांच्यासाठी मी खोटं खरं मानलं आणि माझ्या मुलीसाठी खरं ओळखलं. एकाच सकाळी, एकाच हाताबद्दल.

"झोपू दे, झोपू दे," बाबा म्हणाले. डाव्या हाताच्या बोटानं त्यांनी तिच्या टाचेला शिवलं आणि हात मागे घेतला. लिफ्ट आली. आम्ही आत शिरलो. दार मिटेपर्यंत ते उभे होते, उजवा हात कोटाच्या खिशात खोचलेला. तो त्यांनी कधी खोचला ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आम्ही गेलो. विमानतळावर येऊ नका असं मीच सांगितलं होतं, गर्दी असते म्हणून. डॉक्टरचं विचारलं तर म्हणाले, दाखवलं, गोळ्या दिल्यात. कुठल्या गोळ्या, तर पांढऱ्या. मी वाद घातला नाही. मँचेस्टरला घर लावायचं होतं, चिंगला नव्या हवेनं सर्दी झाली होती, हो-यिन दिवसभर बाहेर. आमच्या रस्त्यावर सगळी घरं एकसारखी, लाल विटांची, आणि दिवसा चिटपाखरू दिसत नाही. इथं लोक एकमेकांना घरी बोलावतात. शेजारच्या बाईनं पहिल्याच आठवड्यात बोलावलं. मी तिच्या स्वयंपाकघरात बसले, तिच्या फ्रिजवर काय चिकटवलंय ते वाचलं, सिंकमध्ये काय पडलंय ते पाहिलं, आणि एकदम मला रडू फुटलं. तिला वाटलं, मला घरची आठवण येतेय. बाबांच्या घरी शेवटची कधी गेले होते, हे मला आठवेना, म्हणून ते रडू होतं.

मी बाबांना रोज फोन करते. ते नेहमी म्हणतात, "चहाघरात आहे. गर्दी आहे. नंतर बोलतो." चित्र दिसू देत नाहीत, फक्त आवाज. सुरुवातीला मागून टोपल्यांचा आणि माणसांचा आवाज यायचा. मला बरं वाटायचं. हल्ली ते म्हणतात, चहाघरात आहे, गर्दी आहे, आणि मागे काहीच ऐकू येत नाही. एखादा पंखा. कधी नळाचं पाणी. मोठी खोली नाही, लहान खोली. माझा बाप घरी एकटा बसून मला सांगतो की तो चार माणसांत आहे.

मी चहाघराला फोन लावला. उचलणारा ओरडला, "मोक? कुठला मोक? इथं डझनभर मोक आहेत, रविवार आहे, ठेवा!" पाउ मावशीचा नंबर माझ्याकडे नाही. कुणाचाच नाही. इतकी वर्षं त्या टेबलाला बसून मी कुणाचा नंबर घेतला नाही. आत्या आता लांब, तुएन मूनला वृद्धाश्रमात आहे, गुडघ्यांमुळे खाली उतरत नाही. तिला सगळं सांगितलं. मला वाटलं, आता ती बोलेल. ती म्हणाली, "तू जेवलीस का?" त्यापुढे मला फोनवर थांबवेना.

मी तिकिटाचं बघतेय. हो-यिन म्हणतो जा, मी चिंगला सांभाळतो. मी म्हणते, पुढच्या आठवड्यात. तिचे दात येताहेत. हे कारण मी स्वतः लिहून वाचतेय आणि मला ते कसं दिसतंय ते कळतंय. तरी अजून इथंच आहे.

म्हणून हे वाचणाऱ्या तुम्हाला विचारते. तुमच्यापैकी कुणी हाँगकाँगात शाम शुई पोला राहत असेल, किंवा कामानिमित्त तिकडे जाणार असेल, तर कापडवाल्यांच्या गल्लीत बटणांच्या दुकानाशेजारी एक जुना जिना आहे. लिफ्ट नाही. सगळ्यात वरच्या मजल्यावर हिरवं लोखंडी दार, त्यावर नववर्षाचा फाटका लाल कागद. बेल वाजत नाही, दार वाजवा. आतून आवाज येईल, पण दार लगेच उघडणार नाही. कडी उघडायला त्यांना वेळ लागत असेल. ते आतूनच म्हणतील, सगळं ठीक आहे, जा. जाऊ नका. आत शिरा, बसायला जागा नसेल तर उभे राहा. खायला काय आहे ते बघा, गोळ्यांची पाकिटं आहेत का बघा, जिना उतरून किती दिवस झाले ते विचारा. आणि ते काय म्हणाले ते मला नका कळवू. तुम्ही काय पाहिलंत ते कळवा.